वेदनाशामक सोसत नाही, पण दुखणं तर आहे: घोडेपालकांचे प्रश्न

दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा बाजार उठला की घोड्यांच्या दुखण्याविषयीची पत्रं वाढतात. या खेपेच्या पत्रांमधली अडचण बहुतेक एकच आहे. दुखण्यावर नेहमीचं औषध दिलं तर पोट बिघडतं आणि बंद केलं तर घोडा उभा राहत नाही. असे प्रश्न आम्ही एकत्र घेतले आहेत. उत्तरांत जिथे औषधाची मात्रा आली आहे, ती तुमच्या पशुवैद्यकांशी नीट बोलता यावं यासाठी आहे. त्यांनी घोडा तपासल्याशिवाय ती देऊ नका.

प्रश्न: सात वर्षांची मारवाडी घोडी आहे. पुढच्या उजव्या पायाची नस सुजली म्हणून फिनाइलब्युटाझोन दिलं. बाराव्या दिवशी तिने खाणं सोडलं, लीद पातळ झाली आणि पोटाखाली सूज आली. डॉक्टरांनी औषध थांबवलं. पाय अजून गरम लागतो. आता दुसरं कोणतं इंजेक्शन द्यावं? (शहादा)

औषध थांबवलं हे फार बरं झालं. त्याच जातीचं दुसरं इंजेक्शन शोधू नका. फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलोक्सिकॅम ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. सूज आणि ठणका तीच वाढवतात, पण जठर-आतड्याचं अस्तर राखणं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवणं हेही त्यांच्याकडेच असतं. औषध ही सगळी कामं एकदम अडवतं. त्यामुळे एकाऐवजी दुसरं दिलं तरी जखम त्याच जागी होते, आणि दोन एकत्र दिली तर आणखी वाढते.

भूक जाणं, पातळ लीद आणि बोट दाबल्यावर खड्डा राहणारी पोटाखालची सूज ही तिन्ही लक्षणं जुळली, तर मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागात जखमा झाल्या असाव्यात असं धरून चालावं. त्या जखमांतून रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन गळतं, म्हणून ही सूज येते. रक्तातली एकूण प्रथिनं, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. क्रिएटिनिनने मूत्रपिंडाची अवस्था कळेल. खान्देशातल्या उन्हाळ्यात हे विसरू नये, कारण पाणी कमी पडलेल्या घोड्याला हेच औषध लवकर बाधू शकतं. तिच्यापुढे दिवसभर स्वच्छ पाणी ठेवा. एरवी २५ ते ४० लिटर लागतं, वैशाखात त्याहून बरंच जास्त.

आतड्याला निदान तीन महिने विसावा द्यावा लागेल. लांब, कडक कडबा बंद करा. दादर ज्वारीचा असला तरी नको. गोळी पेंड भिजवून आणि कोवळं गवत थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. रोज ५० ते १०० ग्रॅम इसबगोलची भुशी ओलसर खाद्यात कालवून लगेच पुढे ठेवा. ती भिजत पडली की चिकट गोळा होतो आणि घोडी तोंड फिरवते. खाद्यतेल ५० मिलिलिटरपासून सुरू करून दोन आठवड्यांत दिवसाला एक कप करा. पोटासाठी ओमेप्राझोल सुचवलं जाईल. ते जठराच्या जखमांना उपयोगी आहे, मोठ्या आतड्याला नाही. ‘ओमेप्राझोल चालू आहे, मग फिनाइलब्युटाझोन दिलं तरी चालेल’ असं समजू नका. दोन्ही एकत्र दिलेल्या घोड्यांत आतड्याच्या तक्रारी उलट वाढलेल्या दिसल्या आहेत.

आता पायाकडे वळू. नळीमागच्या नसेचं, म्हणजे कंडरेचं, दुखणं कमी करण्यात गारवा, आधार आणि विश्रांती यांचा वाटा मोठा आहे. पाय गरम लागतो तोवर दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी २० मिनिटं थंडावा द्या. फोडलेला बर्फ आणि पाणी उंच बादलीत घालून त्यात पाय ठेवणं सर्वांत चांगलं, कारण पाणी चहूबाजूंनी भिडतं. बादलीत पाय ठेवत नसेल तर बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून बांधा. कोरडा बर्फ कातडीवर घासला तर कातडी जळते. थंडावा दिल्यावर पाय पुसून कोरडा करा. मग कापसाचा जाड, सारखा थर देऊन गुडघ्याखालपासून खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत पट्टी बांधा. थर पातळ किंवा कमी-जास्त असेल आणि पट्टी आवळली, तर पट्टीच नसेला इजा करते. दर बारा तासांनी पट्टी सोडून पाय पाहा आणि नव्याने बांधा. दुसऱ्या पायालाही बांधा, कारण सगळा भार आता तोच पेलतो आहे.

सोनोग्राफी करून नस किती फाटली आहे ते पाहून घ्या. त्यावरून पुढचे महिने ठरतात. ऊब आणि लंगडणं ओसरल्यावर कडक, सपाट जमिनीवर हाताने धरून पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा चालवा. पुढे दर आठवड्याला थोडा वेळ वाढवा. पूर्ण कामाला नऊ महिने ते वर्ष लागतं. लंगडणं थांबलं म्हणून तिसऱ्या महिन्यात नाचायला काढलेल्या घोडीची नस त्याच जागी पुन्हा फाटते.

एवढं करूनही ठणका राहिला तर डॉक्टरांना पॅरासिटामॉलविषयी विचारा. ते वेगळ्या मार्गाने काम करतं आणि जठराला बरंच सौम्य आहे. घोड्यांत साधारणपणे दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम, बारा तासांनी तोंडावाटे दिलं जातं. त्यासाठी वजन माहीत हवं. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३२३ किलो येतं. म्हणजे एका वेळची मात्रा साडेसहा ग्रॅमच्या आसपास, ६५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या. गोळ्या कुटून पाण्यात कालवून पिचकारीने गालाच्या आत सोडतात.

इथे एक धोका सांगायलाच हवा. मेडिकलमधल्या अनेक ‘पॅरासिटामॉल’ गोळ्यांत डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मिसळलेलं असतं. पाकिटामागचा मजकूर वाचा, आत फक्त पॅरासिटामॉल हवं. यकृताचा आजार असेल तर ते देऊ नये. लांब दिवस द्यायचं झालं तर मध्ये यकृताची रक्ततपासणी करावी. या औषधाने ताप दबतो, म्हणून रोजचं तापमान मात्रा देण्याआधी मोजा.

प्रश्न: आमच्या लग्नाच्या घोडीला अल्सर आहे, त्यामुळे वेदनाशामक चालत नाही. आता पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहते. जुने लोक म्हणतात, फिरवली की पाय मोकळे होतील. (धुळे)

एक पाऊलही फिरवू नका. तुम्ही वर्णन केलेली उभं राहण्याची ढब लॅमिनायटिसची आहे. खुराची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणारे पापुद्रे सुजून सुटू लागलेले असतात. प्रत्येक पावलाला ते आणखी फाटतात आणि हाड खाली फिरतं. तिला आहे त्या जागेजवळच ठेवा. आडवी पडली तर पडू द्या, पडल्याने खुरांवरचा भार उतरतो.

सुरू होऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर बर्फ हे सर्वांत परिणामकारक वेदनाशामक आहे. नसेच्या दुखण्यासारखा तो वीस मिनिटं देऊन भागत नाही. ४८ ते ७२ तास अखंड द्यावा लागतो आणि खुराचं तापमान १० अंशांच्या खाली राहायला हवं. खताच्या जाड प्लास्टिक गोण्या आतून-बाहेरून स्वच्छ धुऊन घ्या. पाय आत घालून नळीच्या मध्यापर्यंत बर्फ आणि पाणी भरा आणि वरून सैल बांधा. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा दर तास-दीड तासाला बर्फाची भर घालावी लागते. रात्रीसाठी बर्फाच्या लाद्या आधीच सांगून ठेवा. पहाटे तीनला बर्फ संपला की खूर पुन्हा तापतं आणि आधीची मेहनत वाया जाते. दुखणं जुनं असेल तर बर्फाचा उपयोग थोडा, खुराच्या आधाराचा जास्त.

आधारासाठी दोन इंच जाडीची घट्ट थर्माकोल शीट आणा, छताच्या उष्णतारोधनाला वापरतात तसली. टीव्हीच्या खोक्यातलं भुसभुशीत थर्माकोल तासाभरात चपटं होतं. खुराच्या आकाराचा तुकडा कापा, तळव्याला लावा आणि रुंद चिकटपट्टीने खुराच्या भिंतीवरून गुंडाळा. पट्टी वर केसांच्या रेषेवर चढू देऊ नका. एक-दोन दिवसांत तुकडा दबून तळव्याचा साचा तयार होतो. मग त्या दबलेल्या तुकड्याचा पुढचा, टोकाखालचा भाग कापून टाका. उरलेला मागचा भाग तसाच ठेवून खाली नवा पूर्ण तुकडा लावा. भार टोकावरून सरकून मागच्या मऊ त्रिकोणी भागावर येतो, आणि पुष्कळ घोड्या त्याच दिवशी सहज उभ्या राहताना दिसतात. नाल असेल तर नालबंदाकडून हलक्या हाताने, एकेक खिळा सोडवून काढून घ्या. ठोकून उपटू नका. खाली नदीची वाळू निदान अर्धा फूट टाका.

लगीनसराईत लोक हौसेने घोडीला गूळ, पेढे, भिजवलेले हरभरे भरवतात. दुखणं तिथूनही सुरू होतं. दाणा, मक्याचा भरडा, गूळ आणि उसाचं वाढं आजपासून बंद करा. वाळलेलं मारवेल किंवा पवन्या गवत वजनाच्या दीड टक्का द्या, म्हणजे ३२० किलोच्या घोडीला पावणेपाच-पाच किलो. ते दिवसभरात चार-पाच वाटे करून द्या. गवत अर्धा-पाऊण तास पाण्यात बुडवून, ते पाणी फेकून मग घातलं तर त्यातली साखर उतरते. उन्हाळ्यात याहून जास्त वेळ भिजवलं तर आंबतं. तिला उपाशी ठेवू नका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, आणि रिकाम्या पोटी अल्सर चिघळतो. अशा घोडीला थोडा लसूणघास मानवतो, कारण त्यातलं कॅल्शियम आम्ल शमवतं. ओमेप्राझोल दर किलोला ४ मिलिग्रॅम, सकाळी रिकाम्या पोटी, खाण्याआधी अर्धा-एक तास देतात. माणसांच्या २० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल घेतल्या तर दिवसाला ६४ लागतील. त्यातले दाणे कुटले तर जठरातल्या आम्लाने औषध तिथेच नष्ट होतं.

डॉक्टर पॅरासिटामॉल देतील, आणि दुखणं जुनं असेल तर गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरचं औषधही. तोंडावाटे दिलेलं गॅबापेंटिन घोड्याच्या अंगी फार कमी लागतं, त्यामुळे त्यावर एकट्यावर भिस्त नको. स्टेरॉइड मात्र कोणाच्याही सांगण्यावरून टोचू नका, त्याने लॅमिनायटिस उफाळू शकतो. केसांच्या रेषेशी बोट खोल जाईल अशी खाच पडली किंवा तळवा त्रिकोणी भागाच्या टोकापुढे फुगला, तर त्याच दिवशी एक्स-रे हवा. हाड तळव्यातून बाहेर आलेल्या घोडीला दिवसेंदिवस तसंच उभं ठेवणं ही माया नव्हे. तिला वेदनेतून सोडवण्याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणी बोला.

प्रश्न: औषधाऐवजी झाडपाला दिला तर? आमच्याकडे सालईचा डिंक, निरगुडी, हळद, बिब्बा सगळं मिळतं. (चोपडा)

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी हे विचारणं साहजिक आहे. सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही.

सालईचा डिंक, म्हणजे शल्लकी, दाह कमी करतो आणि तो नेहमीच्या वेदनाशामकांच्या वाटेने जात नाही. माणसांच्या सांधेदुखीत त्याचा माफक उपयोग दिसला आहे. घोड्यांवरचा पुरावा तुटपुंजा आहे, म्हणून जुन्या सांधेदुखीत जोड म्हणूनच त्याचा विचार करावा. निरगुडीचा पाला गरम करून शेक दिला तर आखडलेला स्नायू सैल होतो. त्यात मोठा वाटा उबेचा आहे. शेक आपल्या मनगटाला सोसेल इतकाच गरम हवा आणि ताज्या सुजेवर मुळीच नको. हळदीचा लेप लावायला हरकत नाही. खाद्यात मूठ-मूठ हळद घालण्यात मात्र अर्थ नाही, ती आतड्यातून फारच थोडी शोषली जाते आणि दुखऱ्या पोटाला जड पडते.

बिब्बा अजिबात लावू नका. त्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. घोडा त्या नव्या जळजळीकडे वळतो आणि आपल्याला वाटतं की आतलं दुखणं गेलं. मिरचीचा लेपही त्याच कारणाने टाळा.

बाहेरून मागवलेल्या ‘नैसर्गिक’ भुकट्यांची घटकयादी वाचा. विलो झाडाची साल असेल तर त्यात अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलंच द्रव्य असतं. ज्या घोड्याला वेदनाशामक सोसत नाही त्याला तेच औषध झाडाच्या नावाने दिल्यासारखं होईल. डेव्हिल्स क्लॉ हे आफ्रिकेतलं मूळ अल्सर असलेल्या घोड्याला आणि गाभण घोडीला देत नाहीत.

प्रश्न: जुन्या दुखण्यावर डाग दिला तर कायमचा आराम पडतो का? (शिरपूर)

नाही. तापल्या लोखंडाने नस लवकर भरत नाही, तिथे कातडीचा कडक वण तेवढा तयार होतो. डाग दिल्यावर घोड्याला महिनोन्‌महिने बांधून ठेवतात आणि जो काही आराम पडतो तो त्या विश्रांतीने पडतो. ती विश्रांती न भाजताही देता येते. डाग देऊ नका, कोणाला देऊही देऊ नका.

प्रश्न: पोटात औषध नको म्हणून माणसांचं डायक्लोफेनॅकचं मलम चोळलं तर चालेल का? (यावल)

चोळू नका. मलम कातडीतून रक्तात उतरतं आणि घोडा चाटतोही. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. डायक्लोफेनॅक असलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि ती मरतात. म्हणून भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये आली, त्यानंतर निमेसुलाइडवरही. कोणी जनावरासाठी यातलं काही हातात दिलं तर परत करा. औषध चालू असताना घोडा दगावला तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा.

प्रश्न: काल ठीक होता, आज एक पाय टेकतच नाही. मागे इंजेक्शनने पोट बिघडलं होतं, म्हणून द्यायला भीती वाटते. (पाचोरा)

भीती रास्त आहे, आणि कदाचित इंजेक्शनची गरजच पडणार नाही. हाड मोडलेलं नाही याची डॉक्टरांकडून खात्री झाली की सर्वांत आधी खुरातल्या पुवाचा संशय घ्यावा. पावसाळ्यात काळ्या मातीत खूर मऊ पडतं, खडा किंवा खिळ्याची वाट मिळते, आणि आत पू कोंडला की भिंत ताणू शकत नसल्याने ठणका असह्य होतो. खूर गरम लागतं, मागच्या बाजूची नाडी ठळक उडते, चिमट्याने दाबल्यावर एका जागी घोडा पाय हिसकतो. तिथे छोटं छिद्र करून पू काढला की बहुतेक घोडे त्याच दिवशी पाय टेकतात. छिद्र डॉक्टर किंवा जाणत्या नालबंदानेच करावं. मोठं खड्डेवजा केलं तर तळव्याच्या आतला मऊ भाग बाहेर येतो आणि महिनाभराचं काम वाढतं. पुढे दोन-तीन दिवस कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून रोज १५ ते २० मिनिटं खूर बुडवा. मग लहान मुलाचा डायपर गुंडाळून वरून चिकटपट्टी लावा, माती आत जाणार नाही. धनुर्वाताची लस झालेली नसेल तर त्याच दिवशी टोचून घ्या. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

प्रश्न: टांग्याचा अठरा वर्षांचा घोडा सकाळी आखडलेला असतो. रोज गोळी देणं परवडत नाही आणि मानवतही नाही. (अमळनेर)

त्याला खुंट्याला बांधून ठेवणं हेच निम्मं कारण आहे. रात्री मोकळा सोडता आला तर सोडा, नाहीतर जुंपण्याआधी २० मिनिटं हाताने चालवा. वजन उतरवा. खुराची टोकं लांब वाढू देऊ नका, नाल पाच-सहा आठवड्यांनी बदला. टोक लांबलं की प्रत्येक पावलाला सांध्यावर ताण येतो. डांबरी रस्त्यावर दुडकी बंद, फक्त चाल. हिवाळ्यात सांध्यावर सकाळी १५ मिनिटं ऊबदार शेक द्या. एकच सांधा जास्त दुखत असेल तर त्यात डॉक्टर हायलुरॉनिक आम्लाचं इंजेक्शन देऊ शकतात. ते सांध्यापुरतं राहतं, पोटाला लागत नाही. फक्त जागा पूर्ण निर्जंतुक केलेली हवी, कारण सांध्यात जंतू गेले तर घोडा कायमचा जातो.

प्रश्न: औषधाशिवाय चाललंय हे खरं, पण त्याला बरं वाटतंय की सोसतोय, हे ओळखायचं कसं? (तळोदा)

चेहरा वाचा. दुखणाऱ्या घोड्याचे कान ताठ आणि मागे फिरलेले राहतात, डोळा अर्धवट मिटतो, डोळ्यावरचं हाड उठून दिसतं, जबड्याचा स्नायू ताणलेला, हनुवटी घट्ट आणि नाकपुड्या ओढलेल्या असतात. रोज एकाच वेळी, तो शांत उभा असताना बाजूने फोटो काढा आणि आठवड्याचे फोटो शेजारी ठेवून पाहा. रोजच्या सवयीने जे डोळ्यांतून निसटतं ते फोटोत दिसतं. त्याच वेळी जबड्याखालच्या नाडीचे ठोके मिनिटभर मोजून वहीत लिहा. निवांत घोड्याचे २८ ते ४४ असतात. विश्रांतीत ते रोज चढत चालले तर तुमचा उपाय पुरत नाही.

लोळणं, पोटाकडे वळून पाहणं, जमीन उकरणं, लीद बंद होणं ही पोटशुळाची लक्षणं आहेत. त्यावर बर्फ, शेक, पाला यातलं काहीच करत बसू नका आणि तोंडातून काही पाजू नका. पुढचं खाद्य काढून घ्या आणि लगेच १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. घोड्याला कोणतं वेदनाशामक बाधलं आहे, त्याचं नाव फोनवरच सांगा.